बारा गुंठ्यांचा शिक्का

अवसरी बुद्रुकमध्ये कोणाच्या पोरीला नोकरी लागली की लोक पेढा तोंडात टाकतात आणि तो गिळायच्या आत विचारतात, "किती मिळतं?" गेणभाऊंना हा प्रश्न तीन वर्षं पुरला. चहाच्या टपरीवर, डेअरीच्या रांगेत, एकदा तर दहाव्याच्या विधीला कावळा शिवायची वाट बघत बसले असतानाही शेजारचा पाव्हणा सरकत सरकत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पोरीचं कसं मग? किती पडतंय महिन्याला?" गेणभाऊ म्हणाले, "चाललंय ब्येस." आणि विषय कांद्याच्या बाजारावर नेला.

खरा आकडा सांगायची सोयच नव्हती. अश्विनी पाच वर्षं शिकून आर्किटेक्ट झाली होती आणि पुण्याच्या ऑफिसात तिला बावीस हजार मिळत होते. गेणभाऊ गवंडी. हजेरी हजार रुपये. महिन्यात पंचवीस दिवस काम लागलं, तर दहावी नापास बाप शिकलेल्या पोरीपेक्षा तीन हजार जास्तच घरी आणत होता. हा हिशेब त्यांनी एकदा परांचीवर उभ्या उभ्या केला होता, आणि मग बराच वेळ त्यांच्या हातून भिंतीला माल लागला नाही.

शिक्षणासाठी त्यांनी रस्त्याकडेची बारा गुंठे जमीन विकली होती. मंचरकडे जाताना डाव्या हाताला, वळणावर. विकली तेव्हा नऊ लाख आले. पोरगी शेवटच्या वर्षाला होती तोवर रस्ता रुंद झाला आणि त्याच जमिनीचे लोक चाळीस लाख सांगू लागले. हे सांगायला माणसं मुद्दाम घरी यायची. गेणभाऊंची बायको लंकाबाई त्यांना चहा द्यायची आणि माणसं गेल्यावर बोटं मोडायची. "आमचा तोटा मोजायला ह्यांना लई येळ," असं ती भांड्यांना सांगायची, पण ऐकायचं असायचं गेणभाऊंना.

गेणभाऊ कामाला मात्र एक नंबर. पस्तीस वर्षांत त्यांनी जुन्नर-आंबेगावात किती घरं उभी केली ते त्यांनाही आठवत नाही. त्यांना वाकडी भिंत बघवत नसे. बेल्ह्याला एका बैलाच्या व्यापाऱ्याच्या घराला भेग पडली, तेव्हा चार गवंड्यांनी ती सिमेंटनं बुजवून पैसे घेतले होते. गेणभाऊंनी काय केलं, तर भेगेवर आडवी एक काचेची पट्टी ठेवली आणि तिची दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यांनी भिंतीला चिकटवली. व्यापारी म्हणाला, "ह्ये कसलं औषध?" गेणभाऊ म्हणाले, "औषध न्हाई, नाडी हाय. भेग मेलेली आसंल तर काच ऱ्हाईल. जित्ती आसंल तर तुटंल." काच अकरा दिवसांत तुटली. व्यापाऱ्यानं माणसं आणि बैल बाहेर काढले, आणि त्या पावसाळ्यात भिंत रिकाम्या गोठ्यात पडली.

असल्या कामांवर लहानगी अश्विनी दोरीचं दुसरं टोक धरून उभी राहायची. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत तीही श्वास धरून ठेवायची. तिला आर्किटेक्ट करायचं वेड गेणभाऊंच्याच डोक्यातलं. पोरगी हातात दोरी आणि मनात नकाशा घेऊन जन्मली, असं ते अभिमानानं सांगत. पुढे "किती मिळतं" सुरू झालं तसं त्यांनी हे सांगणं बंद केलं.

तीन वर्षांनी अश्विनीनं स्वतःचा शिक्का करून घेतला. वर नाव, खाली आर्किटेक्ट, त्याखाली नोंदणीचा नंबर. दोन बोटं रुंद रबर. गेणभाऊंनी तो तळहातावर घेऊन तोलून पाहिला. बारा गुंठ्यांच्या मानानं लईच हलका होता.

आणि मग सुभाषशेठ आले. मंचरला कांदा-बटाट्याची आडत, वर बांधकामाचा धंदा. गेणभाऊंची जमीन ह्यांनीच घेतली होती आणि आता तिच्यावर इमारत उठवायची होती. खाली रस्त्याला तोंड करून गाळे, मागे एक मोठी खोली, वर दोन मजले. "घरचीच आर्किटेक्ट आसताना भाईर कशाला जायचं?" सुभाषशेठ म्हणाले. "एका सहीचं पंचवीस हजार. वरसाला माझी आठ-धा कामं आसत्यात."

अश्विनीनं नकाशा जमिनीवर पसरला. बराच वेळ ती त्यावर वाकून होती.

"वर काय आहे, काका?"

"हापिसं."

"मग मागच्या बाजूला एवढी कप्पी कशाला? पोती चढवायला?"

सुभाषशेठ हसले. "तुला समद्या गोष्टी दिसत्यात गं."

"वर बटाट्याचं गोदाम करणार असाल तर हे नऊ इंची खांब चालणार नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनियरकडून खांबांचा हिशेब करून आणा. तो आला की त्याच दिवशी सही करते, पैसेपण नकोत."

नवे खांब म्हणजे जास्त लोखंड, जास्त सिमेंट, आणि गाळे लहान. सुभाषशेठनी नकाशाची गुंडाळी केली आणि चहा अर्धा टाकून गेले. पोरीचं बरोबर आहे हे गेणभाऊंना कळत होतं. नऊ इंचाच्या खांबावर गोदाम त्यांनीही चढवलं नसतं. पण पंचवीस हजार हा आकडा त्यांच्या कानातून काही जाईना. एक सही म्हणजे पोरीच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. आठ सह्या म्हणजे गावाचं तोंड कायमचं बंद.

दसरा जवळ आला. गेणभाऊंच्या घरी त्या दिवशी थापी, ओळंबा, रंधा, हातोडी, पाणसळ असं सगळं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडू वाहतात. आणि त्यांच्या वडिलांपासूनची एक रीत आहे: पूजा झाली की प्रत्येक हत्याराकडून त्याचं त्याचं काम एकदा करून घ्यायचं. थापीनं बोटभर माल लावायचा, ओळंबा एकदा सोडायचा, हातोडीनं एक खिळा ठोकायचा. हत्यार त्या दिवशी उपाशी राहिलं तर वर्षभर उपाशी राहतं, असं त्यांचे वडील म्हणत. अश्विनीला सुट्टी नव्हती. लंकाबाईनं हट्ट करून तिचा शिक्का ठेवून घेतला. "तुजं हत्यार त्येच की. पूजंला नको का?"

शिक्का पाटावर ओळंब्याच्या शेजारी बसला. पूजा झाली. थापीनं काम केलं, ओळंब्यानं केलं, हातोडीनं केलं. शिक्का तेवढा राहिला. गेणभाऊ एखादा कोरा कागद शोधत होते, तेवढ्यात सुभाषशेठ आपट्याची पानं घेऊन दारात.

"सोनं घ्या, गेणभाऊ!" गळाभेट झाली. सुभाषशेठनी पाटाकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं, आणि रीत त्यांना माहीत होती; पंचक्रोशीतल्या सगळ्यांनाच माहीत होती. गाडीतून त्यांनी गुंडाळी आणली. "मोकळ्या कागदावर कशाला मारताय, राव? लक्ष्मी कागदावर येती. माज्या नकाशाला मुहूर्ताचा शिक्का लावा. सही तर ऱ्हायलीच हाय, ती पोरगी करंल नाहीतर न्हाई करणार. नुसत्या शिक्क्याला काय किंमत?"

तेवढंच वाक्य गेणभाऊंनी धरून ठेवलं. नुसत्या शिक्क्याला काय किंमत. त्यांनी शिक्का शाईवर दाबला आणि नकाशाच्या कोपऱ्यात मारला. दुसऱ्या कागदावर मारला. सुभाषशेठ पानं उलटत गेले आणि गेणभाऊ मारत गेले, सहा वेळा. जाताना पाटावर पाकीट राहिलं. लंकाबाईनं उघडून पाहिलं तर पंचवीस हजार.

"ह्ये कशाचं?" तिनं विचारलं.

"दसऱ्याचं," गेणभाऊ म्हणाले, आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मुहूर्ताला कोणी पंचवीस हजार देत नाही, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. पण त्यांनी पाकीट देवघरात गणपतीच्या मागे सरकवलं आणि अश्विनीला काही सांगितलं नाही. त्या दिवसानंतर पहिल्यांदा डेअरीच्या रांगेत कोणी "किती मिळतं" विचारलं तेव्हा ते म्हणाले, "एका सहीला पंचवीस." रांगेतल्या माणसानं मान हलवली. गेणभाऊंना बरं वाटलं, हे सांगायलाच हवं.

इमारत सात महिन्यांत उभी राहिली. वर बटाट्याचं बियाणं आणि कांदा, खाली औषधांचं दुकान, मोबाइलचं दुकान, आणि मागच्या मोठ्या खोलीत सोनल नावाच्या बाईंनी स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका काढली. सकाळी सातपासून पोरं-पोरी येऊन बसत. दाराबाहेर चपलांची रांग लागे.

गेणभाऊ रोज कामाला जाताना त्या वळणावरून जात, पण मान उजवीकडे ठेवून. एकदा मोबाइलला रिचार्ज मारायला थांबले. दुकानाचं शटर अडकत होतं. पोऱ्या लाथ घालून ते वर करत होता. "नवं शटर आन अडकतंय?" गेणभाऊंनी विचारलं. दुकानदार म्हणाला, "पंधरा दिवस झालं, लई तरास द्यायलंय." शटर वाकडं होत नाही. शटर ज्यात बसवलंय ते वाकडं होतं. ते काही न बोलता इमारतीच्या मागे गेले. अभ्यासिकेच्या दाराशेजारच्या खांबावर, छताखाली हातभर अंतरावर, केसासारखी भेग होती. तिरपी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून काचेची पट्टी आणि मूठभर सिमेंट आणलं. सोनलबाईंनी विचारलं, "काय करताय, बाबा?" ते म्हणाले, "नाडी बघतोय." बाईंना वाटलं म्हातारा चेष्टेखोर आहे.

पुढचे दिवस त्यांचा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी काच बघायची आणि मगच कामाला जायचं. पहिला आठवडा काच शाबूत. गेणभाऊंना वाटलं, मेलेली भेग असेल, गिलावा सुकताना पडली असेल. त्यांनी देवघरातलं पाकीट काढून परत ठेवलं. नवव्या दिवशी बटाट्याच्या तीन गाड्या वरच्या गोदामात रिकाम्या झाल्या. दहाव्या दिवशी काच मधोमध तुटलेली होती, आणि तिचे दोन तुकडे एकमेकांपासून गव्हाच्या दाण्याएवढे लांब गेले होते.

गेणभाऊंनी तिथूनच अश्विनीला फोन लावला. सगळं सांगितलं. दसरा, रीत, सहा शिक्के, पाकीट, डेअरीच्या रांगेतली फुशारकीसुद्धा. ती रडेल, ओरडेल, परत तोंड दाखवू नका म्हणेल, ह्या सगळ्याची त्यांनी तयारी केली होती.

"काच किती दिवसांत तुटली, आण्णा?"

"धा."

"मी येते," ती म्हणाली.

परवानगीच्या ऑफिसात साहेबांनी नकाशाची फाईल काढली. सहाही पानांवर शिक्का होता आणि शिक्क्यावर अश्विनीची सही होती. कोणाच्या तरी हातानं, तिच्यापेक्षा सुबक. गेणभाऊंनी हात जोडले. "साहेब, सही खोटी हाय. शिक्का म्या मारला. माजी चूक हाय, लिवून घ्या."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं पाणी दिलं आणि म्हणाला, "बाबा, सही खोटी म्हणालात की पोलीस आलं, हस्ताक्षराची तपासणी आली, कोर्ट आलं. शेठ स्टे आणतील. वरीसभर इमारत अशीच चालंल." मग तो अश्विनीकडे वळला आणि आवाज खाली आणला. "मॅडम, ज्या आर्किटेक्टची सही आहे तिनंच लिहून दिलं की माझं काम धोकादायक आहे, तर मी आज दुपारी इमारत रिकामी करून सील लावू शकतो. पण मग ती सही तुमची ठरली. तुमच्या नोंदणीचं काय होईल, ते तुम्हाला माहीत आहे."

गेणभाऊंना वाटलं, ती विचार करायला वेळ मागेल. नऊ लाख, बारा गुंठे, पाच वर्षं, रात्री जागून चिकटवलेली पुठ्ठ्याची घरं. निदान बाहेर जाऊन पाणी पिऊन येईल. अश्विनीनं कागद मागितला. "सदर इमारतीचा नकाशा माझा असून," असं तिनं सुरू केलं, आणि खाली सही केली. पिशवीतून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली, आणि तो सहीवर दाबला. गेणभाऊ खुर्चीत बसल्या जागी हुंदके द्यायला लागले. पोरगी म्हणाली, "आण्णा, पाकीट आणलंय ना? ते पण जोडायचं आहे, सहीचे पैसे म्हणून. आणि कोणी विचारलं तर शिक्का तुम्ही मारलेला नाही. आत्ता तरी नाही."

दुपारी सील लागलं. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोचली की गेणभाऊंच्या पोरीनं चुकीचा नकाशा काढला, शेठचं वाटोळं केलं. चार महिन्यांत तिची नोंदणी थांबवल्याचं पत्र आलं. पुण्याच्या ऑफिसानं तिला हात जोडून निरोप दिला. आता ती बापाच्याच कामांवर जाते, दोरीचं दुसरं टोक धरते, माल कमी पडला तर मजुरांना झापते. तिला हजेरी सातशे. "किती मिळतं" हे आता कोणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

इमारत मात्र पडली नाही. हेच सगळ्यात वाईट. टपरीवर कोणी ना कोणी विचारायचं, "काय गेणभाऊ, पडली का?" आणि बाक हसायचं. गेणभाऊ रोज सकाळी मागच्या खांबाशी जात, काच तुटली असेल तर काढून नवी लावत. तुटलेले तुकडे बिस्किटाच्या डब्यात साठवत. एका सकाळी, बाक जरा जास्तच हसल्यानंतर, खांबापुढं उभं असताना त्यांच्या मनात आलं, पड एकदाची. पड म्हणजे माज्या पोरीचं खरं व्हईल. त्यांनी दोन्ही हात खांबाला लावले आणि तसेच उभे राहिले, जणू त्यांच्या मनानंच ती ढकलली असती.

मग पाच-सहा दिवस ते बेल्ह्याला कामावर होते. परत आले तर वळणावर आंब्याचं तोरण, मंडप, स्पीकर. सुभाषशेठनी लांबच्या कोणा इंजिनियरकडून इमारत ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट आणलं होतं. सील निघालं होतं. गेणभाऊ धावतच मागे गेले. खांबाला वरपासून खालपर्यंत चकचकीत फरशी बसवलेली होती. काच नाही, भेग नाही, काहीच नाही. वरून धप्प असा आवाज आला. मग पुन्हा धप्प. पोती उतरत होती.

अश्विनी मंचरच्या कामावर होती, तिला त्यांनी फोन लावला.

"आशे, चालू झाली. खांब झाकलाय. काच लावायला जागाच न्हाई ठिवली."

तिनं सर्टिफिकेट कोणाचं ते विचारलं नाही. शेठला शिवी दिली नाही. "मी निघाले, वीस मिनिटात पोचते," ती म्हणाली. "आण्णा, आत पोरं किती आहेत?"

अभ्यासिकेचं दार लोटलेलं होतं. गेणभाऊ वाकले आणि दाराबाहेरच्या चपलांचे जोड मोजायला लागले. डेअरीच्या रांगेत त्यांनी आयुष्यात लई हिशेब केले होते. हा एक त्यांनी बोट लावून, दोनदा केला.

"एक्केचाळीस," ते म्हणाले.

"बाहेर काढा. ऐकणार नाहीत. पण तुम्ही काढा."

गेणभाऊंनी दार उघडलं. एक्केचाळीस माना वर झाल्या. सोनलबाई बोटानं शांत राहायची खूण करत पुढे आल्या. पहिल्या बाकावरची संस्कृती नावाची पोरगी, त्यांच्याच आळीतली, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आजोबा, तुमी कोण सांगनारं? आमच्या इमारतीला सर्टिफिकेट हाय."

वर पुन्हा धप्प झालं, आणि तिच्या वहीवर चुन्याची बारीक पूड पडली. तिनं ती फुंकर मारून उडवली.

"पोरी," गेणभाऊ म्हणाले, "पहिलं सर्टिफिकेट म्याच दिलं व्हतं."